बाटली आडवीच, पण ओळख हवी!

‘वाइन’ हा शब्द काढला की आपल्या महिला मंडळात दोनच गोष्टी होतात. कुणी तोंडाला पदर लावून हसतं, नाहीतर कुणी म्हणतं, ‘‘शी! दारूबद्दल कसलं बोलायचं?’’ जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही असंच झालं. एक बाजू म्हणाली, ही दारू नव्हेच, शेतमाल आहे. दुसरी म्हणाली, दारू ती दारूच. ‘आडवी बाटली’साठी दारोदार फिरून बायकांच्या सह्या गोळा करणारी मी अर्थातच दुसऱ्या बाजूची. पण ज्याला विरोध करायचा ते नीट माहीत तर हवं! म्हणून वाचायला घेतलं आणि थेट अर्जेंटिनात पोचले.

अर्जेंटिनाच्या वायव्येला, अँडीज पर्वताच्या कुशीत साल्टा हा प्रांत आहे. तिथल्या काल्चाकी खोऱ्यातलं काफायाते हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे त्याच्याही वर द्राक्षबागा! याच खोऱ्यात कोलोमे वाइनरीची एक बाग तर ३,१११ मीटरवर आहे. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. बागा जगतात त्या डोंगरावरून येणाऱ्या पाण्यावर.

मग एवढ्या उंचावर जायचं कशाला? तिथे ऊन फार प्रखर. त्यापासून बचाव म्हणून द्राक्षाची साल जाड होते आणि सालीतूनच लाल वाइनला गडद रंग आणि तुरटपणा येतो. रात्री मात्र कडाक्याची थंडी, त्यामुळे फळातला आंबटपणा टिकून राहतो. मूळचं फ्रान्सचं ‘माल्बेक’ हे काळं द्राक्ष इथे असं भरदार होतं. ‘तोरोन्तेस’ हे पांढरं द्राक्ष मात्र अर्जेंटिनाचीच लेक. बाहेरून आलेल्या दोन जातींच्या संकरातून ते तिथेच जन्मलं. त्याचे वेल परंपरेने मांडवावर चढवतात, अगदी आपल्याकडच्यासारखे! त्याच्या वाइनला वास येतो गुलाब-जाईचा, चव मात्र बहुधा गोड नसते. नुसत्या वासावरून अंदाज बांधणारे हमखास फसतात.

या सगळ्यात मला भावल्या त्या सुसाना बाल्बो. वाइननिर्मितीच्या शास्त्राची पदवी घेणाऱ्या अर्जेंटिनातल्या त्या पहिल्या स्त्री. साल होतं १९८१. कामाची सुरुवात त्यांनी या काफायातेतच केली आणि तोरोन्तेसला नाव मिळवून दिलं. पुढे १९९९ मध्ये मेंडोझा प्रांतात स्वतःची वाइनरी उभी केली. पुरुषांच्याच मानल्या गेलेल्या धंद्यात एक बाई शास्त्र शिकून उभी राहिली, हे मला मोठं वाटतं.

म्हणून माझं मत बदललं का? मुळीच नाही. त्या उंच बागांमधल्या वाइनमध्येही १३-१४ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या दुपटीहून जास्त. ‘शेतमाल’ म्हटल्याने ते कमी होत नाही. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. नवऱ्याच्या व्यसनापायी ज्या घरातली भांडी विकली जातात, तिथे गुलाब-जाईच्या वासाचं कौतुक काय सांगायचं?

पण मैत्रिणींनो, एखादी गोष्ट पिणं वेगळं आणि ती जाणणं वेगळं. आज आपल्या गावातल्या मुली हॉटेल मॅनेजमेंट शिकतात, त्यांना वाइनचाही अभ्यास असतो. शेतीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांना या धंद्यात काम असतं. अशा मुलीने घरात पुस्तक उघडलं की आपण म्हणतो, ‘‘हे असलं चारचौघांत बोलू नकोस हं!’’ अभ्यास करणाऱ्या मुलीला आपण खाली मान घालायला लावतो आणि पिऊन येणारा बाप्या मात्र ताठ मानेने गावातून फिरतो! हा कुठला न्याय?

आपली लढाई घरं मोडणाऱ्या व्यसनाशी आहे, ज्ञानाशी नाही. बाटली आडवी करायला मी आजही सगळ्यांच्या पुढे असेन. पण उद्या आपल्यातली एखादी लेक म्हणाली, ‘‘आई, मला द्राक्षाचं आणि वाइनचं शास्त्र शिकायचंय,’’ तर तिला गप्प करू नका. तिच्या कॉलेजची फी किती, ते आधी विचारा.