डोक्याला लागलं? मग आज खेळ बंद!

शिक्षक-पालक मित्रांनो, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, सांगलीकडच्या कवठेपिरानचे मारुती माने हे आपल्याच मातीतले. म्हणून कुस्ती-कबड्डीत डोकं आपटलं तरी पोरं "काय नाय झालं सर" म्हणतात, आणि त्यांना शाबासकी मिळते. हे चुकीचं आहे.

मेंदू कवटीत द्रवामध्ये असतो. धक्क्याने तो आतल्या आत हादरतो. टेंगूळ नसलं, शुद्ध गेली नाही, तरी इजा होऊ शकते. वारंवार मार खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूचा आजार अमेरिकेत डॉ. मार्टलँड यांनी १९२८ मध्येच मांडला होता. पहिली इजा बरी होण्याआधी दुसरा मार बसला, तर धोका वाढतो.

म्हणून डोकेदुखी, चक्कर, उलटी, गोंधळ दिसला, तर "खेळतोस का?" असं पोराला विचारूच नका. बाहेर बसवा, डॉक्टरांना दाखवा. स्पर्धा पुढच्या वर्षीही आहेच.