एकच नाव, चार आजार

सकाळी उठल्याबरोबर डोके दुखणे, उलटी होणे आणि पुढे चालताना तोल जाणे अशा तक्रारी असलेल्या मुलाचा एमआरआय काढल्यावर क्वचित लहान मेंदूत गाठ दिसते. शस्त्रक्रियेनंतरच्या पॅथॉलॉजी अहवालात बऱ्याचदा एकच शब्द असतो, ‘मेड्युलोब्लास्टोमा’. हा आजार एकूणात दुर्मीळ असला, तरी मुलांच्या मेंदूतील घातक गाठींमध्ये तो वरच्या क्रमांकावर आहे. आईवडिलांच्या दृष्टीने त्या शब्दाने निदान पूर्ण होते. खरे तर खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. पेशीतला कोणता संदेशमार्ग बिघडल्याने ही गाठ झाली?

मेंदू घडत असताना पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. वाढ, विभागून घे, आता थांब. निरोप पेशीच्या आवरणावरील प्रथिनापर्यंत पोहोचतो, तिथून एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकात शिरतो आणि ठरावीक जनुके चालू किंवा बंद करतो. काम झाले की मार्ग शांत होतो. ‘हेजहॉग’ हा असाच एक मार्ग. लहान मेंदूतील कणिका-पेशींची संख्या वाढवण्याचे काम त्याच्याकडे असते आणि ते जन्मानंतरही काही काळ चालते. निरोप नसतो तेव्हा ‘पॅच्ड’ नावाचे प्रथिन ‘स्मूदन्ड’ या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवते. पॅच्डचे जनुक बिघडले, की कोणी निरोप न देताही पेशी वाढतच राहतात. ‘विंट’ या दुसऱ्या मार्गात बीटा-कॅटेनिन हे प्रथिन वेळच्या वेळी नष्ट व्हायला हवे, ते साचत जाते आणि केंद्रकात ठाण मांडते.

या दोन मार्गांचे दोन गट आणि उरलेले ‘तिसरा’ व ‘चौथा’ असे मेड्युलोब्लास्टोमाचे चार मुख्य गट मानले जातात. शेवटच्या दोघांना साधे नावही मिळालेले नाही, कारण त्यांच्यामागे असा एकच ठळक मार्ग सापडलेला नाही. हेजहॉगचे जनुक प्रथम फळमाशीत सापडले. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामाला 1995 चे नोबेल मिळाले. माणसातील त्याच्या भावंडाला मात्र ‘सॉनिक हेजहॉग’ हे व्हिडिओ गेममधल्या पात्राचे नाव पडले. मुलाच्या आजाराचे नाव समजावून घेणाऱ्या आईला हे कसे सांगायचे, याचा विचार तेव्हा कोणी केला नसावा.

मार्ग कळला की औषध सापडले, असे मात्र होत नाही. स्मूदन्डला अडवणारे औषध 26 वर्षांच्या एका रुग्णाला दिल्यावर शरीरभर पसरलेल्या गाठी झपाट्याने विरघळल्या. 2009 मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण काही महिन्यांतच गाठी परतल्या. स्मूदन्डमध्ये नवा बदल होऊन औषधाला तिथे जागाच उरली नव्हती. मुलांच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे. हाच मार्ग हाडांच्या वाढीसाठी लागतो. वाढत्या वयात औषध दिले, तर हाडांची वाढीची टोके कायमची मिटू शकतात आणि उंची खुंटते. गाठ आणि वाढ दोन्ही एकाच निरोपावर चालतात, हा या आजारातला मूळ पेच आहे.

विंट गटाची गोष्ट याहून सुखद आहे. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपी मिळाली तर या गटातील दहापैकी नऊहून अधिक मुले बरी होतात. 2016 मध्ये उंदरांवरील संशोधनातून याचे एक कारण पुढे आले. या गाठी स्वतःच असे पदार्थ सोडतात, की त्यांच्यातील रक्तवाहिन्या गळक्या राहतात. एरवी मेंदूच्या वेशीवर अडणारे औषध इथे आत पोहोचते.

मग इतक्या चांगल्या गटाला इतके कठोर उपचार कशाला? संपूर्ण मेंदू आणि मणक्यावर दिलेल्या रेडिएशनमुळे मुलाची शिकण्याची गती, उंची आणि हार्मोन्स यांवर आयुष्यभराचा परिणाम होतो. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलने विंट गटातील निवडक मुलांना फक्त गाठीच्या जागेपुरते रेडिएशन देऊन पाहिले. मेंदू-मणक्यात आजार उलटण्याचे प्रमाण नको इतके दिसताच ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवली आणि 2020 मध्ये तसे जाहीरही केले. अपयश इतक्या लवकर आणि स्पष्टपणे सांगितल्याने जगभरच्या डॉक्टरांना सावध राहता आले. अमेरिका-युरोपातील चाचण्यांचा भर रेडिएशन वगळण्याऐवजी ते 23.4 ग्रेवरून 18 ग्रेपर्यंत कमी करण्यावर आहे.

पण कमी करायचे की नाही हे ठरवण्याआधी गट माहीत हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 2016 पासून तो निदानाचाच भाग आहे. त्यासाठी परदेशी यंत्रसामग्रीच हवी असेही नाही. प्रतिपिंडांच्या रंगद्रव्य-तपासणीतून (आयएचसी) विंट आणि हेजहॉग गट बऱ्यापैकी ओळखता येतात. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मधील संशोधकांनी पॅराफिनमध्ये जपलेल्या साध्या नमुन्यावर चालणारी, चारही गट ओळखणारी पीसीआर तपासणी 2013 मध्येच प्रसिद्ध केली होती. शासकीय विमा योजनांच्या यादीत शस्त्रक्रिया आणि रेडिएशनच्या ओळीतच या तपासणीची ओळ असली पाहिजे. चुकीच्या गटाला दिलेल्या रेडिएशनचा खर्च तिच्याहून कितीतरी जास्त आहे, आणि तो मुलाच्या शाळेतही मोजावा लागतो.

तोवर पालकांनी एवढे करावे. शस्त्रक्रिया जिथे झाली तिथून स्लाइड्सबरोबर पॅराफिन ब्लॉकही मागून घ्यावा, उन्हात किंवा गरम जागी ठेवू नये आणि पुढच्या रुग्णालयात जाताना फाइलसोबत न्यावा. गट शोधण्याची तपासणी त्या ब्लॉकवरच होते.