हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासातील निनावी हात

१/ १७ फेब्रुवारी १९६८. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्या रात्री शल्यविशारदांच्या हाती साधने देणाऱ्या परिचारिका कोण होत्या? ही कथा सांगताना त्यांची नावे सहसा कोणी घेत नाही.

२/ केपटाउनमधील डॉ. बर्नार्ड यांच्या जगातील पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. तरीही मुंबईतील धाडस उतावळेपणाचे नव्हते. सेन यांनी त्याआधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग केले होते.

३/ हृदयशस्त्रक्रियेत परिचारिकेचे काम केवळ कात्री पुढे करण्याचे नसते. पुढचा टाका कोणता, हे तिला मागणीपूर्वीच कळावे लागते. छाती बंद करण्यापूर्वी सुया, साधने आणि कापसाच्या घड्या मोजून हिशेब जुळवावा लागतो. एक घडी कमी भरली, तर ‘थांबा’ म्हणावे लागते. समोर कितीही ज्येष्ठ सर्जन असोत.

४/ परिचारिकेच्या शब्दाने शल्यचिकित्सेचा इतिहास बदललाही आहे. १८९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्पटन यांचे हात पारायुक्त जंतुनाशकाने सोलवटले. त्यांच्यासाठी डॉ. हॉल्स्टेड यांनी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. आज तेच मोजे जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत अनिवार्य आहेत.

५/ माझे मत स्पष्ट आहे. आत्मविश्वास हा स्वभावगुण नव्हे. ते सरावाचे फळ आहे. सर्जनला चुकण्यासाठी प्रयोगशाळा मिळाली, तशी परिचारिकेलाही मिळायला हवी. छाती तातडीने पुन्हा उघडण्याची वेळ आली, तर कोणी काय करायचे, याची तालीम रुग्ण टेबलावर येण्यापूर्वीच झाली पाहिजे.

६/ जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षा-सूचीनुसार पहिला छेद देण्यापूर्वी चमूतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. ज्याचे नाव ठाऊक आहे, त्याचा ‘थांबा’ ऐकला जातो.

७/ अंबडची बारव पाहताना अहिल्याबाई होळकरांचे नाव ओठांवर येते. तिथे छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटांचे येत नाही. ती नावे आता हाती लागणे कठीण. परिचारिकांचे तसे होऊ नये. आपल्या गावात कोणी निवृत्त परिचारिका असतील, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या. तेही इतिहासलेखनच आहे.