घरांतील विज्ञान : अण्णांच्या पत्रांवरील खुणा

आळंदीच्या माणसास पत्राची थोरवी निराळी सांगावयास नको. चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस पत्र धाडावयाचें ठरविलें. परंतु मायना वडिलकीचा घालावा कीं धाकुटपणाचा, याचा निर्णय न झाल्यामुळें त्यांनीं कोरा कागदच पाठविला, आणि त्या कोऱ्या कागदास उत्तर म्हणून पासष्ट ओंव्या गेल्या, ही कथा येथील पोराबाळांसही ठाऊक असते. गेल्या कार्तिकांत आमच्या घरीं जो प्रश्न उभा राहिला तो मात्र उलट जातीचा होता. पत्र आलें होतें, त्यांत मजकूरही भरपूर होता. ज्यांच्या नांवें आलें त्यांनीं तें वाचलें कीं नाहीं, एवढेंच कळत नव्हतें.

अण्णा म्हणजे आमचे थोरले बंधू. कार्तिक शुद्धांत ते गेले. त्यांची कन्या टोरोंटोस असते. ती येऊन पोंचली ती दहाव्या दिवशीं. अण्णा रुग्णालयांत जाण्याच्या आधल्या आठवड्यांत तिनें त्यांस ई-मेलनें एक लांब पत्र धाडलें होतें. बापलेकींत वर्षभर अबोला होता, हें घरांत सर्वांस माहीत होतें आणि कोणी बोलत नव्हतें. तेराव्याचीं भांडीं आवरतां आवरतां तिनें वहिनींस विचारलें, "आई, बाबांनीं माझें पत्र पाहिलें होतें का ग?" वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. अण्णांची परवलीची खूण त्यांच्या रोजनिशींत होती. मी ती घेऊन संगणकाकडे निघालों, तोंच चाकणच्या कारखान्यांत संगणकविभागांत असलेल्या पुतण्यानें माझा हात धरला.

"काका, थांबा. तुम्हीं पत्र उघडलेंत, कीं त्यावर 'वाचलें' अशी खूण लागेल. मग तें अण्णाकाकांनीं वाचलें कीं तुम्हीं, हें ब्रह्मदेवालाही सांगतां येणार नाहीं!"

न वाचलेलीं पत्रें यादींत ठळक अक्षरांत दिसतात हें मलाही ठाऊक होतें. परंतु अण्णांच्या पेटींत चौदा हजारांवर पत्रें. त्यांतून बोट फिरवीत जावयाचें आणि चुकून एकावरही तें टेंकूं द्यावयाचें नाहीं, हा सोंवळ्यांतला व्यवहार मजसारख्या साठी उलटलेल्या माणसाच्या हातून होण्याजोगा नव्हता. पुतण्यानें निराळी वाट धरली. त्यानें आधीं सर्व पत्रांची प्रत घरच्या जुन्या संगणकावर उतरवून घेतली. दूरच्या भांडारांतील पत्रें हाताळण्याची जी बोली आज जगभर चालते ती 'आयमॅप', 1986 च्या सुमारास मार्क क्रिस्पिन यांनीं स्टॅनफर्ड येथें रचली. तींत पत्र मागण्याचे दोन प्रकार आहेत. साध्या मागणीनें 'वाचलें' ही खूण लागते. दुसऱ्या मागणीचें नांव 'पीक', म्हणजे डोकावणें. शेजारच्या ओसरीवर नुसती नजर टाकून यावें तसा हा प्रकार. पत्र येतें, खूण लागत नाहीं. प्रत घरांत आल्याचा आणखी एक लाभ झाला. कार्तिकी यात्रेची गर्दी इंद्रायणीकांठीं दाटली, त्या दिवसांत आमच्या वाड्यांत धड फोनही लागेना. पण आमचें काम अडलें नाहीं.

त्या संगणकावर लिनक्स आहे, आणि काम चालतें तें काळ्या खिडकींत. चित्रें नाहींत, बटणें नाहींत. आज्ञा टंकावी आणि उत्तर वाचावें. प्रथम मला तें रुक्ष वाटलें. पण पत्रें तेथें कशीं ठेवलीं आहेत हें पाहिलें, आणि माझा पूर्वग्रह गेला.

पूर्वी सर्व पत्रें एकाच लांबलचक वहींत एकापुढें एक उतरवून ठेवण्याची पद्धत होती. एक पत्र हलवावयाचें तर सगळी वही नव्यानें लिहावी लागे. रँड या अमेरिकन संस्थेंत ब्रूस बॉर्डन यांनीं 1979 मध्यें 'एम्‌एच्' ही योजना केली, तींत प्रत्येक पत्र स्वतंत्र कागद झालें. पुढें 1995 च्या सुमारास डॅनियल बर्नस्टाइन यांनीं 'मेलडिर' नांवाची व्यवस्था आणली. आमच्या घरांतली प्रत याच पद्धतीची. प्रत्येक दप्तराचे तीन कप्पे : नव्या पत्रांचा, चालू पत्रांचा आणि तात्पुरता. प्रत्येक पत्र ही एक फाईल, आणि पत्राची सारी अवस्था त्या फाईलच्या नांवांतच! नांवाच्या आरंभीं बहुधा 1 जानेवारी 1970 पासून लोटलेल्या सेकंदांचा आंकडा असतो. शेवटीं एक अपूर्णविराम, 2 चा आंकडा, स्वल्पविराम, आणि त्यापुढें खुणेचीं अक्षरें. 'एस' म्हणजे पाहिलें, 'आर' म्हणजे उत्तर दिलें, 'एफ' म्हणजे महत्त्वाचें म्हणून निशाण लाविलें, 'पी' म्हणजे दुसऱ्याकडे पाठविलें, 'डी' म्हणजे कच्चा खर्डा, आणि 'टी' म्हणजे टाकून द्यावयाचें. 'टी' लागलें म्हणजे पत्र गेलें असें नव्हे. साफसफाई होईतों तें जागेवरच असतें. खूण लावणें म्हणजे फाईलचें नांव बदलणें. काळ्या खिडकींत नुसता मजकूर वाचला तर नांवास धक्का लागत नाहीं, आणि म्हणून खूणही लागत नाहीं.

हें ऐकतांना मला पुण्याचें पेशवे दप्तर आठवलें. तेथील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं 1930 ते 1934 या काळांत त्यांतील निवडक कागदांचे 45 खंड छापून काढले. त्या काळीं पत्र हातीं आलें कीं कारकून पोंचल्याची मिती पत्रावरच टिपून ठेवी. तिला पैवस्ती म्हणत. पत्र कधीं लिहिलें हें लेखक सांगतो. पण अमुक वार्ता धन्यास कोणत्या दिवशीं कळली हें त्या चिमुकल्या टिपणावरून उमगतें, आणि कित्येकदां इतिहासाचा निवाडा तेवढ्यावर फिरतो. आमच्या घरीं तरी दुसरें काय चाललें होतें?

आतां माझ्या उतावळेपणाची हकीकत. मुलगी म्हणाली होती कीं पत्राच्या विषयाच्या ओळींत आपण 'बाबांस' एवढाच शब्द घातला होता. रात्रीं सर्व निजल्यावर मीं एकट्यानेंच त्या खिडकींत बसून, पुतण्यानें शिकविलेल्या शोधाच्या आज्ञेनें चौदा हजार फाइलींत 'बाबांस' हा शब्द धुंडाळला. एकही पत्र निघालें नाहीं! पहांटे वहिनी उठल्या तेव्हां मीं अविचारानें त्यांस सांगून टाकलें कीं पत्र पोंचलेंच नसावें. त्यांचा चेहरा पाहून मला माझी जीभ आवरली नाहीं याची लाज वाटली.

दोष शोधाचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. ई-मेलची मूळ घडण झाली ती केवळ रोमन अक्षरें डोळ्यांपुढें ठेवून. इतर लिप्यांची सोय 1992 नंतर जोडली गेली. आपली अक्षरें प्रवासापुरतीं रोमन अक्षरांच्या व आंकड्यांच्या वेषांत गुंडाळून पाठवावयाचीं, अशी ती युक्ति. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह संगणकाच्या हिशेबीं तीन बाइटांचें. त्या वेषांत त्याचीं चार रोमन चिन्हें होतात. 'बाबा' या शब्दांत दोन अक्षरें व दोन काने, म्हणून तो सोळा चिन्हांचा होऊन बसतो. मराठी शब्दानें ओळ सुरू झाली कीं वेषाचा आरंभ बहुधा 4, मग 'के' आणि 'एस' असा होतो. एकदां हें कळल्यावर मला तीं बुरखा घेतलेलीं मराठी पत्रें दुरूनही ओळखूं येऊं लागलीं. पण शोध घ्यावयाचा तर बुरखा काढून वाचणारें साधन पाहिजे. तसें एक म्हणजे 'नॉटमच'. कार्ल वर्थ यांनीं 2009 मध्यें तें सुरू केलें. तें पत्रांचा उलगडा करून स्वतःची सूची बांधतें, आणि आपण दिलेलीं निशाणें त्या सूचींत वेगळीं टिपतें. मात्र मुळांत त्याची प्रवृत्ति तीं निशाणें फाइलींच्या नांवांशीं जुळवून घेण्याची असते. पुतण्यानें ती सोय आधीं बंद केली. अण्णांच्या खुणा अण्णांच्याच राहाव्यात, आमच्या त्यांत मिसळूं नयेत, हें त्या पोरास सुचलें याचें मला कौतुक वाटलें.

पत्र निघालें. नांवाच्या शेवटीं दोन अक्षरें होतीं : 'एफ' आणि 'एस'. अण्णांनीं तें पाहिलें होतें, आणि निशाण लावून ठेवलें होतें. 'आर' नव्हतें.

मुलीनें तीं दोन अक्षरें बराच वेळ पाहिलीं. मग पुतण्यानें खर्ड्यांचें दप्तर उघडलें. त्यांत 'डी' खुणेचा एक कागद होता. मितीवरून रुग्णालयांत जाण्याच्या आदल्या रात्रीचा. त्यांत मायना होता, अनेक उत्तम आशीर्वाद होते, आणि पुढें कांहीं नव्हतें.

वहिनींनीं सांगितलें, दोन्ही पत्रें एका ठिकाणीं ठेवा. एका दप्तरांतून दुसऱ्यांत पत्र नेण्याची आज्ञा अवघ्या दोन अक्षरांची, 'एम्' आणि 'व्ही'. पुढें पत्राचें नांव आणि मग दप्तराच्या चालू कप्प्याचें. मीं कप्प्याच्या नांवांत एक अक्षर चुकविलें. यंत्र हूं कीं चूं करीना! तसा कप्पाच नसल्यामुळें त्यानें माझें चुकलेलें नांव हेंच पत्राचें नवें नांव असें मानलें. मजकूर तसाच राहिला, पण जुन्या नांवाबरोबर 'एफ' आणि 'एस' हीं अक्षरें पुसलीं गेलीं. सुदैवानें पुतण्यानें मूळ प्रतीची दुसरी प्रत बाजूस ठेवली होती. "काका, कप्प्याच्या नांवापुढें एक तिरकी रेघ द्या. मग कप्पा नसला तर यंत्र कुरकुर करील, पत्राचें नांव बदलणार नाहीं."

दुसऱ्या प्रतींतून पत्र पुन्हां आणलें. मीं आज्ञा टंकली, तिरकी रेघ दिली, आणि कळ दाबण्यापूर्वीं ती मुलीकडून एकदां वाचवून घेतली. तिनें मान हलविली. नंतर खर्ड्याची आज्ञा तिनें स्वतःच टंकली.