जाहीर आवाहन : यंदा आडीच्या पाण्यावर अंगणात देशी झुडपं लावू या

तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी, तिरुवारूर आणि आसपासच्या खेड्यांतल्या समस्त मराठी बंधुभगिनींना हे आवाहन.

आपल्याकडे नवं घर बांधलं की पुढची-मागची सगळी जमीन फरशी किंवा सिमेंटचे ब्लॉक घालून बंद करायची रीत पडत चालली आहे. झाडं लावली की कचरा होतो, सडा घालून कोलम काढायला जागा स्वच्छ राहत नाही, अडचणीत साप-विंचू दडतात, असं घरोघरी ऐकू येतं. ही काळजी रास्त आहे. पण सिमेंट हा तिच्यावरचा उपाय नव्हे. इथली माती चिकण. ऐप्पसी-कार्तिगैच्या पावसात ती आधीच सावकाश पाणी पिते. वरून फरशी घातली की पाणी थेट उंबऱ्याशी येतं. उन्हाळ्यात तीच फरशी दिवेलागण उलटली तरी तापलेली असते.

काही जण हौसेने कोनोकार्पस लावतात. तो भराभर वाढतो, कातरला की भिंतीसारखा उभा राहतो. मात्र त्याची मुळं पाइप आणि गटारांत शिरतात, परागांमुळे श्वासाच्या तक्रारी येतात. गुजरातने 2023 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये त्यावर बंदी घातली. ज्यांच्या कुंपणाला तो अजून आहे त्यांनी मुळासकट काढावा, ही कळकळीची विनंती.

त्याच्या जागी काय लावावं? पहिली तगर. कमरेएवढी कातरून ठेवली तरी हिरवीगार राहते आणि देवपूजेला जवळजवळ बारा महिने फूल देते. लाल पेंडकुळ, जिला इथे वेट्ची म्हणतात, तीही अशीच बांधेसूद. गल्लीत शेळ्या मोकाट असतील, तर कुंपणाला अडुळसा. त्याच्या कडू पानाला शेळी तोंड लावत नाही. कोलमच्या जागेच्या दोन्ही बाजूंना विटांची सरळ ओळ मांडून आत अबोली लावा. तंजावरच्या कदंब गजऱ्यात मोगरा आणि दवण्याबरोबर ओवतात तीच ही कनकांबरम्. गुडघ्याच्या वर फारशी जात नाही. तिचं वाळलेलं कणीस तेवढं वेळेवर खुडावं. राहिलं आणि पावसाचे थेंब पडले, की त्यातली बोंडं तडतडून फुटतात आणि बी चहूकडे उडतं. मग विटांच्या फटीत रोपंच रोपं!

कढीपत्त्याला बुडातून धुमारे फुटतात. ते काढून एकच खोड ठेवलं की झाड आटोपशीर राहतं. त्याच्या पानांवर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी दिसली, तर कृपा करून औषध मारू नका. तिचं फुलपाखरू होतं, आणि चार पानं तिने खाल्ली म्हणून सांबार काही अडत नाही.

मोठं झाड हवं असेल तर बकुळ. वाढ संथ, छत्र गोल आणि दाट, पानगळ एकदम होत नाही. घरापासून पंधरा-वीस फूट लांब लावा. नोव्हेंबर 2018 मधल्या गजा वादळात पट्टुकोट्टै-पेरावूरणीकडे नारळांच्या बागा कशा आडव्या झाल्या, ते आपण पाहिलं आहे. घरावर ओणवणारं झाड नकोच.

झाडांची जाण आपल्या समाजात मुरलेली आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महालात वनस्पतींपासून औषधं करून घेतली. आज आपल्याच मुलांना अडुळसा ओळखता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा एवढं करा. दारची निदान एक हात रुंदीची पट्टी फरशीतून मोकळी करा. माती वीतभर उंच घ्या, म्हणजे पावसाळ्यात मुळाशी पाणी साचणार नाही. आडिप्पेरुक्कुला कावेरीची पूजा होते, त्याच आठवड्यात लागवड उरका. मोठा पाऊस ऑक्टोबरात लागेपर्यंत मुळं धरतात, तोवर मात्र पाणी नियमित घालावं लागेल. तगर, पेंडकुळ, अडुळसा फांदीवरून लागतात, विकत आणायची गरज नाही. ज्यांच्याकडे जुनी झाडं आहेत त्यांनी आडी लागताच छाटणी करावी आणि फांद्या फेकून न देता ओल्या गोणपाटात गुंडाळून दाराशी ठेवाव्यात. शेजारी मराठी बोलणारा असो की तमिळ, ज्याला हव्या त्याने न्याव्यात.