विश्लेषण : डोंगरात सायकलवर जाताना मोबाइल कुठे ठेवाल?

रविवारी पहाटे भांडुपच्या एलबीएस मार्गावर जाड टायरच्या सायकली दिसू लागतात. कुणी पवईमार्गे आरेकडे निघतो, कुणी मुलुंड ओलांडून ठाण्याच्या येऊरकडे, तर कुणी बोरिवलीला जाऊन कान्हेरीचा चढ गाठतो. यातल्या बहुतेकांचा मोबाइल हँडलवरच्या होल्डरमध्ये असतो. नकाशा दिसतो, किलोमीटर मोजले जातात, फोटो पटकन काढता येतो. सोय आहे, पण जागा चुकीची आहे. डोंगरात मोबाइलचे खरे काम आपण पडल्यानंतर सुरू होते. त्यामुळे तो कुठे ठेवायचा आणि कसा तयार ठेवायचा, हे त्या क्षणाचा विचार करूनच ठरवायला हवे.

भांडुपकरांसाठी हा प्रश्न वेगळा का?

भांडुप पश्चिमेची वस्ती जिथे संपते, तिथे डोंगर सुरू होतो. पलीकडे विहार तलाव आणि सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. खिंडीपाड्याच्या वरच्या अंगाला उभे राहिले तर खाली इमारतींचे दिवे दिसतात. शहर इतके जवळ दिसते, की मदतही तितकीच जवळ आहे असे वाटते. प्रत्यक्षात डोंगराची एक सोंड मध्ये आली तरी रेंज जाते. पायवाटेवर रुग्णवाहिका येत नाही. ‘घरापासून पंधरा मिनिटांवर तर आहे’ या विचाराने माणूस जितका गाफील राहतो, तितका तो मोठ्या घाटात राहत नाही.

हँडलवरचा फोन धोक्याचा कसा?

पहिला मुद्दा लक्षाचा. दगडधोंड्यांच्या उतारावर नजर पुढच्या काही मीटरवर हवी. मेसेज आला म्हणून क्षणभर खाली पाहिले, तरी पुढचे चाक मुळात किंवा खड्ड्यात अडकायला तेवढा वेळ पुरतो. दुसरा मुद्दा हादऱ्यांचा. मोटरसायकलच्या इंजिनची तीव्र कंपने सतत बसली तर आयफोनच्या कॅमेऱ्याची प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नसते, पण खडकाळ वाटेवरचे धक्के होल्डरची पकड सैल करायला पुरेसे असतात.

तिसरा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. पडताना सायकल आणि स्वार बहुतेक वेळा वेगळे होतात. सायकल दहा फूट खाली झुडपात, आपण वर आणि पाय हलत नाही, अशा वेळी हँडलवरचा फोन असून नसल्यासारखा. सायकलच्या नळीला बांधलेल्या पिशवीतल्या फोनचेही तेच.

मग फोन कुठे ठेवावा?

अंगावर. पण अंगावरच्याही सगळ्या जागा सारख्या नाहीत. पँटच्या बाजूच्या खिशातला फोन पडताना नेमका कमरेचे हाड आणि दगड यांच्यात सापडतो. पाठीच्या मधल्या खिशात ठेवला तर तो कणा आणि जमीन यांच्यात येतो. सायकलवरून पडल्यावर मोडणाऱ्या नेहमीच्या हाडांपैकी एक म्हणजे कॉलरबोन. ते मोडले की त्या बाजूचा हात उचलवत नाही आणि पाठीवरची सॅक उतरवता येत नाही.

म्हणून साधी कसोटी अशी : फक्त उजव्या हाताने, मग फक्त डाव्या हाताने, जमिनीवर पडल्या पडल्या फोन काढता येतो का? सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर पुढच्या बाजूला असलेला चेनचा कप्पा या कसोटीला बहुतेकदा उतरतो. घरी एकदा जमिनीवर आडवे होऊन करून पाहावे. हसू येईल, पण उत्तर मिळेल.

रेंज नसेल तर फोनचा उपयोग काय?

बराच. जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरज नसते, कारण फोन तो संकेत थेट उपग्रहांकडून घेतो. नकाशा मात्र आधी उतरवून ठेवावा लागतो. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली, तरी तिथे दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क असेल तर ११२ हा कॉल लागू शकतो. आवाज पोहोचत नसेल तिथे साधा एसएमएस कधी कधी जातो.

निघण्यापूर्वी घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवता येते. त्याची कमाल मुदत आठ तास असते. रेंज गेली की ते थांबते, पण शेवटचा ठिपका शोध घेणाऱ्यांना दिशा देतो. अर्थात ‘आरेत चाललोय, नऊपर्यंत फोन नाही आला तर चौकशी कर’ हे घरात सांगितलेले एक वाक्य कोणत्याही अ‍ॅपइतकेच मोलाचे आहे.

११२ ला आपली जागा कळते का?

नेमकी कळेलच असे धरून चालू नये. टॉवरवरून मिळणारा अंदाज शेकडो मीटरने, कधी त्याहूनही जास्त चुकू शकतो. उंचावरून फोन खाडीपलीकडच्या टॉवरलाही जोडला जाऊ शकतो. म्हणून नकाशा उघडून आपले अक्षांश-रेखांश वाचून दाखवायला शिकावे. चौथ्या दशांश स्थळापर्यंतचे आकडे सांगितले, तर जागा साधारण अकरा मीटरच्या फरकाने कळते. भांडुप १९ अंश उत्तर आणि ७२ अंश पूर्व या पट्ट्यात येते, एवढे लक्षात असले तरी आकडे उलटसुलट होत नाहीत.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांकही साठवून ठेवावेत. २०१६ च्या नियमांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आपत्कालीन बटणाची सोय बंधनकारक आहे. आपल्या फोनमध्ये पॉवर बटण तीनदा दाबायचे की पाचदा, हे घरीच तपासावे. काही नव्या फोनमधली अपघात ओळखणारी सोय मोटारीच्या धडकेसाठी बनवलेली आहे. सायकलवरून पडणे ती ओळखेलच, असे मानू नये.

बेशुद्ध असलो तर?

आपल्याला शोधणाऱ्याच्या हाती आपला लॉक केलेला फोन लागेल. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन माहिती भरून ठेवता येते. रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक लॉक न उघडता दिसतात. हीच माहिती एका कागदावर लिहून हेल्मेटच्या आत चिकटवली तर उत्तमच. कागदाची बॅटरी संपत नाही.

बॅटरी आणि पावसाचे काय?

रेंज कमकुवत असेल तर फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. लांबच्या रेंजहीन पट्ट्यात विमान मोड लावावा. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालते. मात्र त्या काळात लाइव्ह लोकेशन पुढे सरकत नाही, हे घरच्यांना सांगून ठेवावे. परतीच्या वाटेवर किमान एकतृतीयांश बॅटरी उरेल असा हिशेब हवा. ओल्या बोटांना स्क्रीन नीट दाद देत नाही, त्यामुळे पावसाळ्यात चेनची प्लास्टिक पिशवी आणि एक कोरडा रुमाल जवळ असावा. भिजलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये.

फोनच्या भरवशावर काय करू नये?

नकाशावर वाट दिसते म्हणजे तिथे जायला परवानगी आहे, असे नाही. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. भांडुप संकुलातले जलशुद्धीकरण केंद्रही मोकळे मैदान नाही. बोरिवलीच्या प्रवेशद्वारातून कान्हेरीपर्यंत रीतसर सायकल नेता येते. मग मागच्या बाजूने घुसण्याचे धाडस कशासाठी?

दुसरी गोष्ट हेडफोनची. पहाट आणि संध्याकाळ ही बिबट्याच्या वावराची वेळ, आणि नेमकी तीच सायकलस्वारांचीही. पानांची सळसळ, कुत्र्यांचे अचानक भुंकणे, मागून येणारी गाडी, हे सारे कानांनीच कळते. तिथे गाणी ऐकत जाणे म्हणजे एक पहारेकरी घरी ठेवून निघणे. शिवाय एकटे जाऊ नये. फोन मदत बोलावतो, पण जखम दाबून धरायला माणूसच लागतो.

यंत्रणांनी काय करायला हवे?

सगळी जबाबदारी सायकलस्वारावर टाकून चालणार नाही. लोकलच्या रुळांशेजारी खांबांवर रंगवलेले आकडे भांडुपकर रोज पाहतात. काही बिघडले की रेल्वे कर्मचारी त्या आकड्यावरून नेमकी जागा सांगतात. जर्मनीतील जंगलांमध्ये असेच क्रमांक लिहिलेले बचाव फलक आहेत. जखमी माणसाने फक्त क्रमांक सांगायचा, पथक तिथे पोहोचते. आरे, येऊर आणि उद्यानातील परवानगी असलेल्या वाटांवर असे खांब उभारायला फार मोठा खर्च येणार नाही. ते क्रमांक ११२ आणि १०८ च्या नियंत्रण कक्षांकडे असायला हवेत. वन विभाग आणि महापालिकेने हे काम पुढच्या पावसाळ्याच्या आत हाती घ्यावे.

तोवर आपल्या हातात आहे ते करावे. येत्या रविवारी निघताना होल्डर घरीच ठेवा आणि फोन छातीजवळच्या कप्प्यात टाका. उतरणीवर तो दिसला नाही तर काही बिघडत नाही. पडल्यावर तो हाताला लागला पाहिजे.