पोळा आणि रिटर्न गिफ्ट

उद्या पोळा. ज्यांच्या दावणीला अजून बैल आहेत, त्या घरांत आज संध्याकाळी खांदेमळणी होईल. वर्षभर जू घासून बैलाच्या खांद्यावरची कातडी राठ झालेली असते, केस झडलेले असतात. तिथे हळद-लोणी चोळायचं, गरम पाण्याने शेकायचं आणि उद्या जेवायला या, असं बैलाला रीतसर आवतण द्यायचं. बाप खांदा मळत असला की पोरंही मध्ये हात घालतातच. त्या घट्ट्यावरून एकदा हात फिरला, की भाकरी कुठून येते हे पोराला वेगळं सांगावं लागत नाही. उद्या बैलाला औत नाही. शिंगांना बेगड, पाठीवर झूल आणि पुढ्यात पुरणपोळी.

दावणच नसलेल्या घरांनी कृतज्ञतेचे सोपे उपाय काढले आहेत. ताटात भाजी उरली की, ‘कितीतरी मुलांना एवढंही मिळत नाही.’ यातून आपण त्या मुलांपेक्षा बरे, एवढंच पोराला कळतं; भाजी कोणी पिकवली ते नाही. दुसरा उपाय, ‘काकांना थँक्यू म्हण.’ मोबाइलमधून मान न काढता पोर म्हणून टाकतं. त्यात वाढदिवसाचं रिटर्न गिफ्ट. भेट घेतली, निघताना पुडकं हातात ठेवलं, हिशेब चुकता! कोणाच्या ऋणात राहायची सोयच आपण ठेवलेली नाही.

सुबत्ता हा गुन्हा नव्हे. ती आईबापांनी कष्टाने मिळवली आहे. संस्काराच्या नावाखाली पोरांना खोट्या तंगीत ठेवणं हे ढोंगच. पण पोळ्याला बैलाची हक्काची सुट्टी पाळणाऱ्या आपल्या समाजात धुण्याभांड्याच्या मावशींचा एक खाडा झाला, तर घरभर कपाळांना आठ्या पडतात. मुलं त्या आठ्या बघूनच शिकतात. त्या दिवशी भांडी त्यांना घासू द्यावीत; मावशींच्या आठवड्याच्या सुट्टीचा विषय मग कदाचित तीच काढतील.

परवा विदर्भात तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर जातील, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळवतील, मंडळं सजावटीला बक्षिसं देतील. त्या आनंदावर विरजण घालायचं कारण नाही. मात्र यंदा बक्षिसं वाटायला नगरसेवकाऐवजी जवळच्या गावातला एखादा बैलजोडीवाला बोलवावा, जमल्यास जोडीसकट. पोरांना त्या खांद्याला हात लावू द्यावा. नगरसेवकांचं भाषण गणपतीत ऐकायचंच आहे.